नेपाळ मोठा की बांगलादेश? दोन देशांची जमीन ताडून पाहण्याची रीत

नागपुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत शिरा, भिंतीवर देशांच्या क्षेत्रफळाचा एखादा तक्ता डकवलेला असतोच. दोन ठिकाणचे तक्ते शेजारी धरले की गंमत सुरू होते. एकात अमेरिका तिसरी आणि चीन चौथा, दुसऱ्यात नेमकं उलटं. पोरं वाद घालतात आणि शेवटी ‘उत्तरतालिकेत काय धरतील?’ यावर गाडी येऊन थांबते. खरं तर दोन्ही तक्ते बरोबर आहेत. अमेरिकेचे ९८.३ लाख चौरस किलोमीटर होतात ते किनाऱ्यालगतचं पाणी आणि पंचमहासरोवरांतला तिचा वाटा धरून. चीनच्या ९६ लाखांत असं किनारी पाणी धरलेलं नाही. पाणी वजा करून नुसती जमीन पाहिली तर चीन ९३.९ लाख, अमेरिका ९१.५ लाख, आणि ज्याला आपण डोळे झाकून ‘दुसरा’ म्हणतो तो कॅनडा ९०.९ लाखांवर, म्हणजे चौथा.

वजाबाकीला अर्धा मिनिट लागतो. वेळ जातो तो दोन्ही आकड्यांमागची व्याख्या एकच आहे का, हे तपासण्यात. शाळेचा प्रकल्प असो, एमपीएससीची टिपणं असोत की शेतीवरचा एखादा लेख, रीत तीच. खाली नेपाळ आणि बांगलादेश ही जोडी घेऊन ती पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवतो.

जोडी निवडताना

भारत आणि श्रीलंका अशी जोडी घेतली तर आकारातला फरकच सगळी जागा खाऊन टाकतो, बोलायला काही उरत नाही. एकतर आकार सारखा आणि वापर वेगळा, नाहीतर वापर सारखा आणि आकार वेगळा, अशी जोडी शोधा. नेपाळ १,४७,१८१ चौ.किमी. आणि बांगलादेश १,४७,५७० चौ.किमी. फरक चारशेपेक्षाही कमी. अंदाज यावा म्हणून सांगतो: नागपूर जिल्हा ९,८९२ चौ.किमी. आहे, म्हणजे दोन्ही देश साधारण पंधरा-पंधरा नागपूर जिल्ह्यांएवढे. दोन्ही एकत्र केले तरी महाराष्ट्र (३,०७,७१३ चौ.किमी.) त्यांच्यापेक्षा मोठाच. आणि या सारख्या आकाराच्या दोन देशांत एकाकडे एव्हरेस्ट आहे, तर दुसऱ्याचा बराच मोठा भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘दोन्ही देशांच्या जमिनीची तुलना’ हा प्रश्न नव्हे, नुसतं शीर्षक आहे. ‘कोणत्या देशाच्या जमिनीचा जास्त हिस्सा शेतीखाली आहे?’ हा एक प्रश्न. ‘माणशी पेरायला किती जमीन येते?’ हा दुसरा, आणि त्याचं उत्तर पहिल्यापेक्षा अगदी वेगळं निघू शकतं. पुढे कोणता रकाना लागणार ते या वाक्यावरच ठरतं, म्हणून ते कागदावर उतरवूनच पुढे जा.

दुसरी पायरी: क्षेत्रफळ कोणतं?

प्रत्येक देशाची निदान दोन क्षेत्रफळं असतात. एकूण क्षेत्रफळात नद्या, तलाव, धरणांचं पाणी येतं. भूक्षेत्रात ते वगळलेलं असतं. नेपाळचं भूक्षेत्र १,४३,३५० चौ.किमी., म्हणजे एकूणपेक्षा थोडंसंच कमी. बांगलादेशचं १,३०,१७०. नकाशावर जवळजवळ बरोबरीत असलेला बांगलादेश नुसत्या जमिनीत तेरा हजार चौ.किमी.नं मागे पडला. हे जवळपास सव्वा नागपूर जिल्हा झालं. पद्मा, जमुना, मेघना या नद्यांचं पात्रच तेवढं आहे.

तिकडे जमीन आणि पाणी यांची हद्दही हंगामाप्रमाणे सरकते. सिल्हेट-सुनामगंज भागात हाओर नावाचे विस्तीर्ण खोलगट पट्टे आहेत. जुलैत तिथे क्षितिजापर्यंत पाणी आणि होड्या, हिवाळ्यात पाणी उतरलं की त्याच तळात बोरो भाताची रोवणी. आपल्याकडे धरणाचं पाणी मागे सरलं की गाळपेर करतात, तोच प्रकार, फक्त तालुकेच्या तालुके व्यापणारा. म्हणून ‘पाण्याखालचं क्षेत्र’ असा आकडा दिसला की तो कोणत्या महिन्यातला, हे पाहावं लागतं.

टक्केवारी काढताना छेदात काय घेतलं यावर तर सगळा खेळ आहे. घरचंच उदाहरण घ्या. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात देशाचं वनआवरण ७.१५ लाख चौ.किमी., म्हणजे २१.७६ टक्के. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत भारताचं वन २४ टक्क्यांच्या वर दिसतं. जंगल अचानक वाढलेलं नाही. आपला अहवाल ३२.८७ लाख चौ.किमी. या एकूण भौगोलिक क्षेत्रानं भागतो, तर आंतरराष्ट्रीय तक्ते २९.७३ लाख चौ.किमी. भूक्षेत्रानं. दोन देशांची तुलना करताना एकाला एका छेदानं आणि दुसऱ्याला दुसऱ्यानं भागलं की दोन-तीन टक्क्यांचा फरक फुकटात तयार होतो. माझं मत विचाराल तर जमिनीच्या वापरासाठी नेहमी भूक्षेत्र घ्यावं. पाण्यावर ना शेत पिकतं ना जंगल वाढतं.

सीमावादाचाही एक धागा इथे येतो. नेपाळनं २०२० मध्ये लिंपियाधुरा, लिपुलेख, कालापानी हा भाग दाखवणारा नवा नकाशा काढला आणि आपलं क्षेत्रफळ १,४७,५१६ चौ.किमी. सांगायला सुरुवात केली. भारताला तो दावा मान्य नाही. भारताच्या ३२,८७,२६३ चौ.किमी. मध्येही पाकिस्तान आणि चीनच्या ताब्यातला भाग धरलेला आहे. कोणता आकडा घेतला ते तळटीपेत लिहा आणि पुढे चला.

तिसरी पायरी: एकक एक करा

आंतरराष्ट्रीय तक्त्यांत आकडे बहुधा ‘हजार हेक्टर’ मध्ये असतात, आपले अहवाल लाख हेक्टरमध्ये बोलतात, अमेरिकी पानं चौरस मैलांत. एवढं पाठ असलं की पुरे: १ चौ.किमी. म्हणजे १०० हेक्टर. १ हेक्टर म्हणजे २.४७ एकर, १ एकर म्हणजे ४० गुंठे, १ चौरस मैल म्हणजे २.५९ चौ.किमी. तक्त्यात २,११४ दिसलं आणि वर ‘हजार हेक्टर’ लिहिलं असेल, तर ते २१.१४ लाख हेक्टर, म्हणजे २१,१४० चौ.किमी. मिलियनचे लाख करताना एक शून्य हमखास गळतं, तेव्हा बदललेला आकडा देशाच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहा. शेतजमीन देशापेक्षा मोठी निघाली तर चूक कुठे आहे ते लगेच कळतं.

नकाशाच्या नादी लागू नका

भिंतीवरच्या मर्केटर नकाशात विषुववृत्तापासून दूर जावं तसं क्षेत्र फुगतं. नागपूरच्या अक्षांशावर, म्हणजे २१ अंशांवर, ही फुगवट साधारण १५ टक्के. ६० अंशांवर चौपट. ग्रीनलंडच्या मध्यावर, ७२ अंशांच्या आसपास, दहापट. म्हणून २१.७ लाख चौ.किमी.चं ग्रीनलंड भारतापेक्षा मोठं भासतं, प्रत्यक्षात भारत त्याच्या दीडपट आहे. आकार डोळ्यांनी ताडायचे असतील तर समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळाचं प्रमाण राखणारा नकाशा घ्या किंवा पृथ्वीचा गोल. ‘द ट्रू साइज’ या संकेतस्थळावर एक देश उचलून दुसऱ्यावर ठेवता येतो, मुलांना ते भारी आवडतं.

आणखी एक: क्षेत्रफळ नेहमी आडवं मोजलेलं असतं. ३० अंशांच्या उतारावर नकाशातला एक हेक्टर प्रत्यक्ष चालायला १.१५ हेक्टर भरतो. नेपाळच्या डोंगरांना याचा हिशेबात काही फायदा मिळत नाही, मिळूही नये.

चौथी पायरी: व्याख्या, आणि काटोलचा संत्रा

इथे घाई करू नका.

काटोलजवळच्या दोन हेक्टर संत्र्याच्या बागेत उभं राहून विचारा, ही जमीन कोणत्या रकान्यात जाते? सातबाऱ्यावर पीकपेऱ्यात ‘संत्रा’ अशी नोंद. आपल्या कृषी आकडेवारीतल्या नऊ प्रकारांच्या वर्गवारीत ती निव्वळ पेरणी क्षेत्रात, कारण फळबागा त्यात धरतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या तक्त्यात ती ‘कायम पिकांखालील जमीन’, पेरणीच्या जमिनीपासून वेगळी. भारतीय वन सर्वेक्षणाच्या लेखी एक हेक्टर किंवा त्याहून जास्त जागा आणि किमान १० टक्के छत्र (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेली जागा) असलं की ते वनआवरण, मग मालक कोणीही असो आणि झाड कोणतंही असो. म्हणजे ही बाग वनआवरणातही बसू शकते. एफएओची वनाची व्याख्या अर्ध्या हेक्टरपासून सुरू होते, पाच मीटरहून उंच होणारी झाडं आणि १० टक्क्यांहून जास्त छत्र मागते, पण मुख्यतः शेतीच्या वापरातली जमीन स्पष्टपणे वगळते. तिथे आपला संत्रा वनाच्या बाहेर. बाग तीच, बागवान तोच.

उलट उदाहरणही विदर्भातच आहे. झुडपी जंगल. महसुली दफ्तरात नाव जंगलाचं, प्रत्यक्ष जागेवर जाल तर कुठे माळरान, कुठे वस्ती, कुठे शाळा. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत या जमिनी पसरलेल्या आहेत आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपल्याच १९९६ च्या आदेशाच्या आधारे त्या वनजमीन मानल्या. कायद्यानं वन, उपग्रहाच्या चित्रात उघडी जमीन. ‘नोंदीतलं वनक्षेत्र’ आणि ‘वनआवरण’ हे दोन आकडे कधीही एकमेकांच्या जागी वापरू नयेत ते यासाठीच.

असाच घोळ ‘शेतीयोग्य जमीन’ या शब्दाचा. एफएओच्या ज्या रकान्याचं भाषांतर आपल्याकडे सर्रास ‘शेतीयोग्य’ असं होतं, त्यात योग्यतेचा काही संबंध नाही. हंगामी पिकं, तात्पुरती कुरणं, भाजीमळे आणि पाच वर्षांपेक्षा कमी काळ पड राहिलेली जमीन, एवढंच त्यात असतं. म्हणजे प्रत्यक्षात पेरली जाणारी जमीन. पेरता आली असती पण कोणी पेरत नाही, अशी जमीन त्यात नाही. मी त्याला ‘पेरणीची जमीन’ म्हणतो. पेरणीची जमीन, कायम पिकं आणि कायम कुरणं मिळून ‘एकूण शेतजमीन’. बातम्यांत ‘अमुक देशाची ४० टक्के जमीन शेतीखाली’ असं वाचलं की त्यात कुरण किती, हे आधी विचारा. बऱ्याच देशांत निम्म्याहून जास्त कुरणच निघतं.

जमिनीची कुवत हा पुन्हा निराळा विषय. त्याचं देशातलं मुख्य ठाणं नागपुरातच, अमरावती रोडवर आहे: राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो, स्थापना १९७६. खोल काळी माती कुठे, उथळ बरड कुठे, कोणत्या जमिनीला काय झेपेल, हे तिथले मातीचे नकाशे सांगतात. वापराच्या तक्त्यात ते शोधायला जाऊ नका.

पाचवी पायरी: तक्ता भरा

एकाच संस्थेचा, एकाच वर्षाचा तक्ता घ्या. नेपाळचा आकडा काठमांडूच्या अहवालातून आणि बांगलादेशचा ढाक्याच्या, असं केलं तर व्याख्या जुळवण्यातच जन्म जाईल. एफएओची आकडेवारी फुकट उतरवून घेता येते. छेद भूक्षेत्राचा ठेवून आपल्या जोडीचं चित्र ढोबळमानानं असं येतं:

| बाब | नेपाळ | बांगलादेश |
|---|---|---|
| भूक्षेत्र (चौ.किमी.) | १,४३,३५० | १,३०,१७० |
| पेरणीची जमीन | सुमारे १५ टक्के | सुमारे ६० टक्के |
| कायम कुरणं | सुमारे १२.५ टक्के | ५ टक्क्यांच्या आत |
| एकूण शेतजमीन | सुमारे २९ टक्के | ७० टक्क्यांच्या वर |
| वन (२०२०) | ४१.६ टक्के | १४.५ टक्के |

आता प्रत्येक ओळीला ‘का?’ विचारा. नेपाळचा पेरणीचा मुख्य आधार म्हणजे दक्षिणेची तराईची अरुंद पट्टी; वरच्या डोंगरात पायऱ्यापायऱ्यांची शेती आणि त्याहून वर याकांची चराई, म्हणून कुरणांचा आकडा मोठा. शेतजमीन आणि वन यांची बेरीज सत्तरच्या आसपास येते. उरलेल्या तीस टक्क्यांत बर्फ, खडक, उघडे कडे आणि वस्त्या. बांगलादेशात उरलेल्या जागेत बर्फ-खडक नाहीत. तिथे घरं, रस्ते, गावं. त्याच्या वनात सुंदरबनचा वाटा मोठा, सुमारे ६,००० चौ.किमी., आणि त्यातही बऱ्यापैकी भाग नद्या-खाड्यांचं पाणी.

वनाच्या ओळीवर एक क्षण थांबा. नेपाळच्या स्वतःच्या २०१५ च्या वन सर्वेक्षणात ४०.३६ टक्के हा आकडा आहे, आणि बातम्यांत अनेकदा ४४.७४ येतो. वन सगळीकडे तेच, सुमारे ५९.६ लाख हेक्टर. ४१.६ भूक्षेत्रावर काढलेले, ४०.३६ एकूण क्षेत्रावर, आणि ४४.७४ मध्ये ४.३८ टक्के झुडपी-विरळ झाडोऱ्याची जमीन मिळवलेली. तुम्ही ४४.७४ उचलून बांगलादेशच्या १४.५ शेजारी ठेवलेत तर झुडपं एकाच देशाची मोजलीत.

सहावी पायरी: माणशी किती, वर्षातून किती वेळा

पेरणीच्या टक्केवारीत बांगलादेश नेपाळच्या चौपट. आता लोकसंख्येनं भागा. नेपाळ २०२१ च्या जनगणनेत २.९२ कोटी, बांगलादेश सुमारे १७ कोटी. नेपाळमध्ये माणशी पेरणीची जमीन येते साधारण सात गुंठे, बांगलादेशात साडेचार. चित्र उलटलं. भारताचा हिशेब याच पद्धतीनं केला तर अकरा गुंठ्यांच्या आसपास येतो.

पण साडेचार गुंठ्यांत बांगलादेश भागवतो कसा? एकच जमीन वर्षातून पुन्हा पुन्हा पेरून. आउस, आमन, बोरो असे भाताचे तीन हंगाम तिथे आहेत, आणि देशाची पिकांची वारंवारिता २०० टक्क्यांच्या जवळ आहे. म्हणजे सरासरी प्रत्येक शेत वर्षातून दोनदा पिकतं. आपल्याकडे दहा एकरांत सोयाबीन काढून हरभरा पेरला तर निव्वळ पेरणी क्षेत्र दहा एकर, पण पिकांखालील एकूण क्षेत्र वीस एकर. भारताचं निव्वळ क्षेत्र साधारण १४ कोटी हेक्टर आणि एकूण २० कोटींच्या वर आहे ते यामुळे. एका देशाचं निव्वळ आणि दुसऱ्याचं एकूण, ही चूक छापील पुस्तकांतही सापडते. पिकांची बेरीज देशाच्या पेरणीच्या जमिनीपेक्षा जास्त दिसली तर घाबरू नका, एकूण क्षेत्र हाती आलंय एवढंच समजा.

सातवी पायरी, हौस असेल तर: उपग्रह

युरोपीय अवकाश संस्थेचा ‘वर्ल्डकव्हर’ हा जगाचा १० मीटरचा नकाशा २०२० आणि २०२१ सालांसाठी फुकट मिळतो, भारतापुरतं इस्रोचं ‘भुवन’ आहे, आणि नकाशे हाताळायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही फुकट. क्षेत्र मोजण्याआधी थर समक्षेत्र प्रक्षेपणात आणा. अंशांत मोजलं तर फसाल, कारण रेखांशाचा एक अंश नागपूरला सुमारे १०४ किमी. असतो आणि काठमांडूला ९९ च्या आत.

उपग्रह जमिनीवर काय दिसतं ते सांगतो, ती कशासाठी ठेवली आहे ते सांगत नाही. मिहान या नागपूर विमानतळालगतच्या औद्योगिक प्रकल्पातला बांधकाम न झालेला भूखंड त्याला गवताळ दिसेल, कागदावर तो बिगरशेती. काटोलचा संत्रा वर्ल्डकव्हरमध्ये ‘झाडं’ होण्याचीच शक्यता जास्त. आणि आपल्याकडचं मे महिन्याचं चित्र तर घेऊच नका: सागाची पानं गळालेली, शेतं नांगरून मोकळी, सगळंच तपकिरी. एकदम देशावर उडी न मारता आधी काटोल आणि रामटेक या दोन तालुक्यांवर हात बसवा. एक बागांचा, दुसऱ्यात पेंचचं जंगल. निकाल बरोबर आला की नाही ते एसटीनं जाऊन पाहता येतं.

शेवटी लिहायचं कसं

फरक सांगताना ‘टक्के’ आणि ‘टक्केवारीचे अंक’ वेगळे ठेवा. १५ आणि ६० मध्ये ४५ अंकांचा फरक आहे, पण पट चार आहे. दशांशाची हौस आवरा; मूळ आकडाच ढोबळ असेल तर १४.७४५ लिहून तो अचूक होत नाही. निष्कर्षाच्या वाक्यात वर्ष, छेद आणि व्याख्या तिन्ही यायला हव्यात. नमुना असा:

‘एफएओच्या व्याख्येनुसार आणि भूक्षेत्रावर काढलेल्या टक्केवारीनुसार, नेपाळची सुमारे १५ टक्के आणि बांगलादेशची सुमारे ६० टक्के जमीन पेरणीखाली आहे, मात्र माणशी हिशेबात नेपाळकडे साधारण सात आणि बांगलादेशकडे साडेचार गुंठे येतात. एकूण क्षेत्रफळ जवळजवळ सारखं असलं, तरी नद्या वगळता बांगलादेशची जमीन सुमारे १३ हजार चौ.किमी.नं कमी आहे.’

उतरवून घेतलेली फाइल तारखेसकट जपून ठेवा. एफएओ मागच्या वर्षांचे आकडेही अधूनमधून सुधारते, आणि सहा महिन्यांनी कोणी तुमच्या तक्त्यावर बोट ठेवलं तर तुमच्याकडे त्या दिवशीची प्रत असलेली बरी.